दौंडच्या टॉकीजमधला समुद्र

उन्हाळा लागला की दौंडात माणसांच्या आधी लोखंड तापतं. रूळ, पुलाचे कठडे, नळ, रेल्वे क्वार्टरच्या दारांच्या कड्या. सकाळचं ऊन जरा वर आलं की कडीला हात लावायची सोय नसायची, म्हणून आई कडीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवायची. आता मी शिरूरला राहते. ऊन इथेही काही कमी नाही, पण ते मातीचं ऊन, घोडनदीच्या कोरड्या वाळूचं. लोखंडाचा तो वास त्याला नाही.

यंदा एप्रिल संपता संपता लेक मागे लागली. "आई, पुण्याला सिनेमाला जाऊ. हा मोठ्या पडद्यावरच बघायचा असतो." गेलो. थंडगार हॉल, पाय पसरून बसायच्या खुर्च्या, हातात मक्याच्या लाह्यांचा डबा. दिवे विझले आणि माझी मान पडद्याकडे न वळता शेजारी वळली. लेक हसली. "माझ्याकडे काय बघतेस? समोर बघ ना."

समोर बघितलं. पण अंधार झाला की आधी शेजारच्या माणसाचे डोळे बघायचे, ही सवय मला फार जुनी आहे. ती एका उन्हाळ्यात लागली आणि मग सुटलीच नाही.

त्या वर्षी मी बारावीची परीक्षा दिली होती. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पेपर संपून निकाल लागेपर्यंतचे दिवस म्हणजे नुसतं टांगून ठेवणं. सकाळी पाणी भरायचं, दुपारी फरशीवर ओला पंचा टाकून पडायचं, संध्याकाळी अंगणात सडा मारून बाजा टाकायच्या. भीमेच्या पात्रातली कलिंगडं हातगाडीवर यायची. लिंबाचा मोहोर कपड्यांत, केसांत, पाण्याच्या घागरीतसुद्धा पडायचा. आणि या सगळ्याच्या मागे यार्डातल्या शंटिंगचा आवाज, डबे एकमेकांवर आदळल्याचा. आम्हा कॉलनीतल्या माणसांना तो ऐकूच येत नसे. थांबला तरच दचकायला व्हायचं.

माझे वडील इंजिन ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले. मग थोडी जमीन झाली, मेंढरं सुटली, आणि घराण्यात पहिल्यांदा कुणी सरकारी पगारावर लागलं ते आप्पा. इंजिनात कोळसा मारण्यापासून सुरुवात करून ते ड्रायव्हरच्या खुर्चीवर पोचले होते. गावाकडची माणसं भेटली की विचारायची, "काय नामदेव, आगगाडी हाकतोस म्हनं?" आणि आप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांच्या अंगाला डिझेलचा एक गोडसर वास कायम असे. रात्रपाळी करून आले की दिवसभर झोपायचे. खिडकीला काळं कापड लावून आई आम्हाला दटावायची, "भांडं वाजवू नगंस, माणूस रातभर जागलाय."

त्या उन्हाळ्यात आप्पा अबोल झाले होते. बोलायचे, पण बोलता बोलता मध्येच थांबायचे. संध्याकाळ झाली की घरातले सगळे दिवे ते स्वतः लावायचे, अजून बाहेर उजेड असताना. कुणी बटण बंद केलं की चिडायचे. आप्पा आणि चिडणं! मला वाटलं, माझ्या निकालाची काळजी असेल.

अशात एका दुपारी मामा आला. आईचा धाकटा भाऊ. तळेगाव ढमढेऱ्याजवळ त्याची शेती, कांदा आणि ऊस. कांद्याची पिशवी दारात टेकवायच्या आधीच त्यानं सुरू केलं.

"दाजी, स्टेशनापल्याडच्या टाकीजला त्यो समुद्राचा पिच्चर लागलाय. म्या शिरूरला बघितला. आवं, पिच्चर न्हाईच त्यो, निस्तं पानी! खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर घेतलं म्या."

"इंग्रजी हाय ना?"

"हिंदीत केलाय. आन् भाषा कशाला लागती? बघायचा हाय त्यो. चला, आज रेस्ट हाय न्हवं तुमाला?"

आप्पा कधी सिनेमाला नाही म्हणणारे नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी आईकडे बघितलं. आई कांदे निवडत होती. "रातीच्या ड्युटीचा कॉल आला तर?" ते म्हणाले.

"तीनचा शो हाय. दिवस मावळायच्या आत घरी," मामा म्हणाला.

मी तर पायात चपला घालूनच उभी होते. आई आली नाही. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुमे, आप्पांच्या शेजारी बस. आन् तिथल्या पायऱ्या लई वंगाळ हायेत, हात धर त्यांचा." मला हसू आलं. रोज इंजिनाच्या शिडीवरून चढउतार करणाऱ्या माणसाचा हात मी धरायचा?

बाहेरच्या रणरणत्या उन्हातून टॉकीजमध्ये शिरलं की सगळेच आंधळे होतात. मामा कुणाच्या तरी पायावर पडला, मी खांबाला धडकले. आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून मागून आले. त्यात वेगळं असं काहीच नव्हतं.

आणि मग तो समुद्र.

मी तोवर समुद्र बघितलेला नव्हता. माझं पाणी म्हणजे भीमेचं, तेही उन्हाळ्यात डबक्यांपुरतं उरलेलं. इथे पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणीच पाणी, आणि ते श्वास घेतल्यासारखं वर येत होतं, खाली जात होतं. टॉकीजवाल्यांनी नवे स्पीकर बसवले होते. लाट फुटली की आवाज आधी पायाच्या तळव्यातून यायचा, मग कानात. वर पंखे कुरकुरत होते, खुर्चीचं रेक्झिन पाठीला चिकटत होतं, पण अंगावर काटा थंडीचा होता. तीन माणसं एका छोट्या पाणबुडीतून समुद्राच्या तळाशी निघालेली, एवढीच गोष्ट. कॅमेरा पाण्याखाली गेला आणि मी खालून वर बघितलं. पाण्याचं छत! त्यातून उन्हाचे खांब खाली उतरलेले, आणि त्या खांबांमधून चांदीचा एक अख्खा ढग वळला. तो माशांचा थवा होता. पुढच्या रांगेतल्या पैलवान पोरांनी सुद्धा शिट्ट्या थांबवल्या. मग एक देवमासा आला. त्याचा एकच डोळा पडदाभर झाला आणि तो डोळा आमच्याकडे, दौंडच्या टॉकीजमध्ये बसलेल्या माणसांकडे, शांतपणे बघत राहिला. मागून कुणी बाई म्हणाली, "बया गं." माझ्या डोळ्यांतून पाणी का आलं, मला कळलं नाही. जगात एवढं सगळं आहे आणि मला कुणी सांगितलंच नाही, असं काहीतरी वाटलं.

इंटरव्हलला मामानं सामोसे आणले. आप्पा खूश दिसले. "त्यो मासा!" ते म्हणाले. "इंजनापेक्षा मोठा असंल."

इंटरव्हलनंतर पाणबुडी खोल खोल उतरत गेली. पाण्याचा निळा रंग काळसर झाला, मग काळा. एक एक करून तिचे दिवे निकामी झाले. संगीत थांबलं. लोखंड कुरकुरल्याचा आवाज तेवढा राहिला, आणि तो आवाज आम्हा दौंडकरांच्या चांगला ओळखीचा. अख्खं टॉकीज श्वास रोखून बसलं. पडदा काळाठिक्कर.

मग त्या काळ्यात कुठेतरी एक कण पेटला. अगदी बारीक, निळसर. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग पाच-पन्नास, आणि बघता बघता लाखो. समुद्राच्या तळाशी एक रानच्या रान होतं आणि त्याच्या पानापानाला मंद दिवे लागत होते. झालर लावल्यासारखे जीव त्यातून तरंगत होते, आत दिवा असलेले, काचेचे. टॉकीजभर एकच 'आऽऽ' उमटला. बाया, पोरं, पैलवान, तिकीट फाडणारा दारातला माणूस, सगळ्यांचा मिळून एक आवाज. मीही ओरडले असेन. मी आप्पांचा हात दाबला.

आप्पा माझ्या कानाशी झुकले आणि हळूच म्हणाले,

"लाइट गेली व्हय गं?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मी वळून बघितलं. त्या निळ्या उजेडात शेजारच्या सगळ्यांचे चेहरे मला दिसत होते, तोंडं उघडी, डोळे मोठे. आप्पांचे डोळेही उघडे होते. पण ते कशावरच नव्हते. ते पडद्याच्या बाजूला, भिंतीकडे कुठेतरी लागलेले होते, आणि चेहऱ्यावर लोक का ओरडले ते न कळलेल्या माणसाचं अवघडलेलं हसू होतं.

पलीकडून मामा म्हणाला, "काय दाजी, डोळं मिटलं का काय? झोप राहिलीय वाटतं रातीची."

"व्हय," आप्पा म्हणाले. "डुलकी लागली जरा."

त्यापुढचा सिनेमा मी बघितला नाही. स्पीकर गरजत होते, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी आप्पांकडे बघत होते. पडद्यावर लख्ख उजेड आला की त्यांची नजर बरोबर तिथे जायची. उजेड मंदावला की ती सुटायची. अंधारात हातातून दोर सुटावा तशी.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मामाला शिरूरकडची एसटी गाठायची होती, तो तिथूनच पळाला. आम्ही दोघं पादचारी पुलाकडे वळलो. खाली फलाटावरचे दिवे अजून लागले नव्हते. पूल ओलांडून उतरायच्या पायरीशी आप्पा थांबले आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "गर्दी हाय," ते म्हणाले. गर्दी नव्हती. एकेक पायरी मी सावकाश उतरले आणि माझ्या खांद्याच्या हालचालीवरून ते उतरले. खालून एक मालगाडी धडधडत गेली. पूल थरथरला. माझ्या मनात तेव्हा एकच होतं: ती गाडी चालवणाऱ्याला पुढचं दिसतंय ना?

घरी आलो तर आई डबा भरत होती. "कॉल आलाय," ती म्हणाली. "सोलापूरकडची मालगाडी."

आप्पा हातपाय धुवायला मोरीत गेले. मी आईच्या जवळ जाऊन, आवाज दाबून, टॉकीजमध्ये काय झालं ते सांगितलं. आई चपात्या मोजल्यासारखी एकावर एक ठेवत राहिली. मग म्हणाली,

"मला ठावं हाय."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. पायरीला चुन्याचा पांढरा पट्टा कशापायी मारला म्या? शोभा म्हनून?"

"आणि तू जाऊ देतेस?"

"संगं असिस्टंट असतोय, दिनेश. त्यो बघतोय समदं. पोरगं गुणी हाय." हे बोलताना आईचा हात थांबला. "रोज गेलं की देवापाशी बसते मी. परत येस्तोवर डोळ्याला डोळा लागत न्हाई. आणिक काय करू? ह्या नोकरीबिगर त्यांचं हाय काय? इंजन काढून घेतलं तर मानूस बसंल का उठंल?"

"आणि त्या पोराचा एखाद दिवशी डोळा लागला तर?"

मागे आप्पा उभे होते. युनिफॉर्मचा शर्ट घातलेला, बटणं लावायची राहिलेली. घरात शंभराचा दिवा जळत होता, त्या उजेडात त्यांना आमचे चेहरे स्वच्छ दिसत असणार.

"सिग्नल दिसतो मला," ते म्हणाले. "लाल दिसतो, हिरवा दिसतो. लांबनं दिसतो."

मी विचारलं, "आप्पा, मघाशी पडद्यावर काय होतं?"

ते बाजेवर बसले. बुटाच्या नाड्या हातात धरल्या. मग खाली बघतच बोलू लागले.

"मागच्या महिन्यात, वळनावर. दिवस बुडला हुता. वळनाला इंजनाचा झोत भाईर जातो, रुळावर न्हाई पडत. दिनेश आरडला, 'आप्पा, ब्रेक!' म्या मारला. पन मालगाडी हाय ती, जाग्यावर थांबती व्हय? मेंढरं हुती. पार वाडाच्या वाडा, समदा कळप रूळ वलांडत हुता. आपल्यातलंच कुनीतरी. पांढरी मेंढरं, सुमे. मेंढरांत जलमलो मी, आन् मला दिसली न्हाईत. त्या मानसानं हानली, पल्याड गेली समदी. त्यो मानूस काठी वर करून हुबा हुता, त्यो मला दिसला कवा, तर इंजनाच्या खिडकीखालनं गेला तवा."

आई मटकन खाली बसली. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

आप्पांनी नाड्या बांधल्या. बटणं लावली. ड्रायव्हरची लोखंडी पेटी उचलली. मी दारात उभी राहिले. मनात ठरवलं होतं की बाजूला व्हायचं नाही. वडिलांना मी कधी उलट बोलले नव्हते, अडवणं तर दूरच.

"बाजूला सर," ते म्हणाले. मग म्हणाले, "न्हाईतर असं कर. चल माझ्यासंगं. अंधार पडलाय. लॉबीपतुर सोड."

लॉबी म्हणजे ड्रायव्हर-गार्ड लोकांनी ड्युटीवर हजर व्हायचं ऑफिस. यार्डाच्या कडेला होतं. मी त्यांचा हात धरला, दुसऱ्या हातात डबा. ते कशासाठी चाललेत हे मला वाटेत कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. ते गाडीवर चढले असते तर मी काय केलं असतं, हेही मला माहीत नव्हतं. वाटेवर खडी, स्लीपर, रुळांचे तुकडे. मी प्रत्येक ठिकाणी सांगत होते, "दगड. पाय उचला. आता सपाट." खरंतर असंच दिनेश सांगत असणार, त्याच्या हिंदीत, रोज.

ऑफिसात ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता. मी जाळीच्या खिडकीबाहेर उभी राहिले. दिनेश बाकावर बसला होता, बिहारकडचा कोवळा माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आप्पा साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले.

"साहेब, मला गाडीवर पाठवू नका."

"काय झालं नामदेवराव? ताप आलाय का?" साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले. "सीक लिहितो. चार दिवस आराम करा."

एवढं म्हणून सुटता आलं असतं. चार दिवस, मग पुन्हा खुर्ची, पुन्हा वळण. मी जाळीला बोटं रुतवून उभी होते.

"ताप न्हाई," आप्पा म्हणाले. "डोळं. अंधारात दिसत न्हाई मला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं लिहिलं की मेडिकल होणार. परत इंजिन मिळायचं नाही, माहीत आहे ना?"

"ठावं हाय. तसंच लिव्हा."

दिनेश उठून उभा राहिला. त्यानं आप्पांच्या हातातली पेटी घेतली आणि बाकावर ठेवली, अगदी हळू, आवाज न करता. मला त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटलेलं दिसलं, आणि त्याच्या मागे सुटकाही. त्याला तरी दोष कसा द्यायचा?

पुढचे आठवडे दवाखान्यात गेले. ऊन वाढत होतं, आप्पा घरात होते, आणि दारावर कॉल येत नव्हता. लोक येऊन बसायचे, हळहळायचे. कुणी म्हणायचं, "सांगायची काय गरज हुती? निभलं असतं." आप्पा ऐकून घ्यायचे. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात शेवटच्या तपासणीला त्यांनी मला बरोबर नेलं. डोळ्यांत थेंब, अंधारी खोली, बारीक दिवे. डॉक्टर म्हणाले, "पडद्याचा आजार आहे. डोळ्याच्या आतल्या." सावकाश वाढेल, बरा होणार नाही, रक्तातून येतो. माझेही डोळे तपासले. ते ठीक निघाले. ड्रायव्हरच्या कामाला अनफिट असा शेरा पडला. दिवसाचं काम मिळणार होतं, शेडच्या स्टोअरमध्ये.

निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरची शेवटची गाडी आली की फलाटावर हार असतात, हलगी असते, बायकापोरं ओवाळायला उभी असतात. आप्पांची शेवटची गाडी कुठली, हे त्यांना स्वतःलाही आठवावं लागलं असतं.

परतताना आम्ही दुपारच्या पॅसेंजरनं निघालो. आप्पा खिडकीशी बसले होते, पण बाहेर बघत नव्हते. ज्या वाटेवर त्यांनी आयुष्य काढलं, त्या वाटेवरून ते पाहुण्यासारखे चालले होते, हात मांडीवर ठेवून. गार वाऱ्याची झुळूक नाही, डब्यात कैऱ्यांचा वास. समोर टोपली मांडीशी घेऊन एक म्हातारी बसलेली. कुर्डुवाडी गेली, जेऊर गेलं. मला वाटलं आता हे कधीच बोलणार नाहीत.

भिगवण सुटल्यावर ते म्हणाले, "सुमे, त्या पिच्चरात काळं झाल्यावर काय आलं गं? लोक आरडली ती?"

मी सांगायला लागले. बारीक कण असं म्हटलं तर ते नुसती मान हलवत. मग मी म्हणाले, "आप्पा, शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात ना, तशा. पण निळ्या. आणि खाली पडायच्या नाहीत, तशाच लटकून राहायच्या. लाखो. आणि त्यांच्यामधनं काचेचे मासे."

"काचेचे?"

"आतलं सगळं दिसायचं. पोटात दिवा."

आप्पांनी डोळे मिटले. त्यांच्या पापण्यांखाली बुबुळं हलताना मला दिसत होती. "आन् मग ती तिघं वर आली का?"

ते मला माहीतच नव्हतं. टॉकीजमध्ये आवाज कानावर पडले होते, पण मन तिथे नव्हतं. मी रचायला लागले. त्या दिव्यांच्या रानातून वाट काढत पाणबुडी कशी निघाली, एका मोठ्या काचेच्या जिवानं तिला कसं पाठीवर घेतलं. म्हातारी टोपली सोडून पुढे सरकली. पलीकडच्या बाकावरच्या दोघांनी पत्ते खाली ठेवले. मी सांगत होते आणि मला स्वतःलाच दिसत होतं, पडद्यावर दिसलं नव्हतं तेवढं.

गाडीचा वेग उतरला. दौंडचं यार्ड, शेड, पादचारी पूल. ब्रेक लागले, डबे एकमेकांना टेकले, माणसं सामान घेऊन दाराकडे लोटली. इंजिनाजवळ आप्पांचे सोबती उभे असणार, त्यातल्या कुणी हाकही मारली. मी पिशवी उचलून उभी राहिले.

आप्पा जागचे हलले नाहीत. त्यांनी माझा हात ओढून मला खाली बसवलं.

"गाडी हितं लई येळ थांबती," ते म्हणाले. "वर येऊ दे त्या तिघास्नी. सांग तू."